घरच्या घरी बेन्झॉइक आम्ल: सात ग्रॅम पापुद्र्यांसाठी एक अख्खा रविवार

पाण्यासारखं एक द्रावण पाण्यासारख्याच दुसऱ्या द्रावणात ओतायचं. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. मग एकदम भांड्यात पांढरं धुकं पसरतं आणि बघता बघता सगळं ताकासारखं दाट होतं. बेन्झॉइक आम्ल तयार झालं! रसायनशास्त्र एवढंच. या लेखाचा उरलेला भाग ते साफ करण्याबद्दल आहे, कारण मी पहिल्या तीन वेळा जे जे चुकलो ते बहुतेक ओतण्याच्या पुढचं होतं.

सुरुवात करायला हेच आम्ल का, हेही सांगतो. नवशिक्याला व्हिनेगरपासून शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल काढावंसं वाटतं, पण त्याला ऊर्ध्वपातनाचा संच लागतो आणि त्या वाफा डोळ्यांत जातात. फॉर्मिक आणि ऑक्झॅलिक आम्लांच्या वाटेला घरात जाऊच नये. पहिलं कातडी भाजतं, दुसरं विषारी आहे. लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल काढता येतं, चुन्याच्या निवळीची मदत घेऊन. पण शेवटच्या पायरीला सल्फ्युरिक आम्ल लागतं, आणि पहिल्याच प्रयोगात ते हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बेन्झॉइक आम्लाचं तसं नाही. कच्चा माल सरबतात घालायच्या दर्जाचा, तयार होणारा पदार्थ घन, आणि गार पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, म्हणून गाळून हाती लागतो.

१. आधी थोडं कागदावर

सोडियम बेन्झोएट म्हणजे बेन्झॉइक आम्लाचं मीठ. ते पाण्यात भरपूर विरघळतं. त्यात जास्त तीव्र आम्ल घातलं की ते आपला हायड्रोजन बेन्झोएटला देऊन टाकतं, बेन्झॉइक आम्ल बनतं आणि पाण्यात मावत नाही म्हणून खाली बसतं.

कळीचे शब्द: *जास्त तीव्र*. आम्लाची तीव्रता पीकेए या आकड्यानं मोजतात. आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. सायट्रिक ३.१, बेन्झॉइक ४.२, अ‍ॅसेटिक ४.८. म्हणजे सायट्रिक आम्ल हे काम करेल आणि व्हिनेगर अर्धवट करेल. मी एकदा व्हिनेगरच वापरलं होतं, घरात होतं म्हणून. साका पडला, मी खूश झालो, आणि शेवटी जेमतेम चार ग्रॅम हातात आले. उरलेलं बेन्झोएट द्रावणातच राहिलं आणि मोरीत गेलं.

आता हिशेब. सोडियम बेन्झोएटचा रेणुभार १४४, बेन्झॉइक आम्लाचा १२२. म्हणजे १० ग्रॅम बेन्झोएटपासून जास्तीत जास्त ८.५ ग्रॅम आम्ल मिळू शकतं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. याच्यापेक्षा जास्त वजन भरलं तर आनंद मानू नका. तुमचा पदार्थ ओला आहे.

आणि विद्राव्यता. प्रयोगाचा सगळा जीव या तीन आकड्यांत आहे. १०० मिली पाण्यात बेन्झॉइक आम्ल ० अंशाला सुमारे ०.१७ ग्रॅम विरघळतं, २५ अंशांना ०.३४ ग्रॅम, आणि उकळत्या पाण्यात साडेपाच ग्रॅमच्या वर. गरम पाण्यात विरघळवायचं, गार करून परत मिळवायचं, मळ पाण्यात सोडून द्यायचा. स्फटिकीकरण म्हणतात ते हेच.

२. सामान

रसायनं दोनच: सोडियम बेन्झोएट १० ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड २० ग्रॅम. सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे ढोकळ्यात घालतो ते लिंबाचं फूल, कुठल्याही वाण्याकडे मिळतं. हिशेबानं पंधरा ग्रॅमही पुरतं, पण थोडं जास्त घेतलेलं बरं. ते पाण्यात राहून जातं, त्रास देत नाही. सोडियम बेन्झोएट जॅम-सरबताचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे ते आणि काचसामान दोन्ही एका फेरीत होतं.

शिवाय:

- ५०० मिलीचं एक आणि २५० मिलीची दोन बीकरं, बोरोसिलिकेट काचेची. साधी काच गरम-गार करताना तडकते.
- काचेची कांडी, काचेचं किंवा प्लास्टिकचं नरसाळं, फिल्टर पेपर. कॉफीचा फिल्टर चालतो. रुमाल नको, बारीक स्फटिक त्यातून निसटतात.
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे उपयोगाचा नाही.
- ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर. तापाचा नव्हे!
- मोठं स्टीलचं पातेलं, गरम पाण्यासाठी. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ नको.
- बर्फ, जुना टॉवेल, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे, तोंडाला साधा मास्क.
- वही. मोबाइलमधली टिपण नाही, कागदाची वही. ओल्या हातानं मोबाइलवर टाइप करण्यापेक्षा पेन्सिल बरी.

प्रयोगाला वापरलेली भांडी परत स्वयंपाकघरात नेऊ नका. मी बीकरांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, म्हणजे कुणी चुकून त्यात चहा ओतत नाही. आमच्याकडे एकदा ओतला होता.

३. पुडी तपासा, ही पायरी गाळू नका

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. दुकानात 'प्रिझर्व्हेटिव्ह' म्हणून मागितलंत तर दोनपैकी काहीही हातात पडू शकतं: सोडियम बेन्झोएट किंवा केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. दोन्ही पांढरी, दोन्ही छोट्या डबीत, दोन्ही सरबतासाठी. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात बाटल्या भरतात त्यांना फरक माहीत असतो: आंब्याच्या किंवा लिंबाच्या स्क्वॅशला केएमएस, आणि जांभूळ-कोकम अशा रंगीत सरबतांना बेन्झोएट, कारण केएमएस रंग उडवतं. मला माहीत नव्हता. केएमएसमध्ये आम्ल घातलं की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. छाती आवळली जाते. दमा असलेल्या माणसाला तर खरा धोका आहे.

डबीवर क्रमांक बघा. बेन्झोएट म्हणजे २११, केएमएस म्हणजे २२४. लेबल नसेल तर डबी लांब धरून हातानं वारा घेऊन वास घ्या: बेन्झोएटला वास जवळजवळ नसतो, केएमएसला जळलेल्या काडीसारखा झणझणीत असतो. तरी शंका राहिली तर गॅलरीत उभं राहून चिमूटभर पूड चमचाभर पाण्यात विरघळवा आणि सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणाचे चार थेंब घाला. पांढरं गढूळ झालं तर माल बरोबर. वास सुटला तर तसंच ठेवून मागे या.

४. दोन द्रावणं

एका लहान बीकरात १० ग्रॅम सोडियम बेन्झोएट आणि ६० मिली पाणी. दुसऱ्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड आणि ६० मिली पाणी. पाणी शक्यतो फिल्टरचं घ्या. बोअरिंगचं जड पाणी नको.

दोन्ही बीकरं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत आणा. इंडक्शनवर काचेचं बीकर थेट ठेवून ते तापत का नाही म्हणून मी पाच मिनिटं बघत बसलो होतो, हे इथे कबूल करतो. इंडक्शनवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात बीकर.

द्रावणं गरम का? गार द्रावणं मिसळली तर आम्ल इतक्या घाईनं बाहेर पडतं की पिठासारखी भुकटी होते. ती फिल्टर पेपरची छिद्रं बुजवते आणि गाळायला पाऊण तास लागतो. गरम द्रावणांत कण मोठे होतात आणि तेच काम दहा मिनिटांत होतं.

५. ओतणं

सायट्रिक अ‍ॅसिडचं द्रावण बारीक धारेनं बेन्झोएटमध्ये ओता आणि कांडीनं हलवत राहा. मिश्रण दाट होईल, कांडी जड लागेल. पाणी वाढवायचा मोह होतो, वाढवू नका. प्रत्येक जादा १०० मिली पाणी तुमचा पाव-तृतीयांश ग्रॅम माल घेऊन जातं.

सगळं ओतून झालं की बीकर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. पीएच पट्टी असेल तर लावून बघा. ४ च्या बरंच खाली असायला हवं. नसेल तर वरच्या निवळ पाण्याचे काही थेंब वेगळे काढून त्यात सायट्रिकचं द्रावण टाका. आणखी गढूळ झालं नाही म्हणजे काम पूर्ण.

६. पहिलं गाळण

फिल्टर पेपर कोरडा असतानाच त्याचं वजन करून वहीत लिहा. नंतर लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

नरसाळ्यात पेपर बसवा, थोड्या पाण्यानं ओला करा, म्हणजे काचेला चिकटतो. मिश्रण ओता. बीकरच्या भिंतींना चिकटलेला माल नळाच्या पाण्यानं धुऊन काढू नका, गाळून खाली आलेल्याच पाण्यानं काढा. ते आधीच बेन्झॉइक आम्लानं संपृक्त आहे, आणखी विरघळवणार नाही. शेवटी बर्फगार पाण्याचे दहा-दहा मिलीचे दोन हात द्या, सायट्रिकचे अंश निघून जायला. गार पाणी, आणि थोडंच.

हाती आलेला लगदा म्हणजे कच्चं आम्ल. इथे थांबलं तरी चालेल असं वाटतं. थांबू नका, खरी गंमत पुढे आहे.

७. स्फटिकीकरण

५०० मिलीच्या बीकरात लगदा घ्या, २०० मिली पाणी घाला आणि पातेल्यातल्या कढत्या पाण्यात बीकर ठेवा. आतलं तापमान ९० अंशांच्या आसपास पोचलं की हलवत राहा. सगळं विरघळलं नाही तर गरम पाणी वीस-वीस मिली करत वाढवा. साधारण २५० मिलीपर्यंत द्रावण काचेसारखं निवळ होतं.

इथे दोन चुका होतात आणि दोन्ही मी केल्या आहेत.

पहिली: घाईनं भरपूर पाणी ओतणं. मी दुसऱ्या वेळी ६०० मिली घेतलं, 'विरघळायला सोपं जाईल' म्हणून. विरघळलं छान. पण २५ अंशांना ६०० मिली पाणी दोन ग्रॅम आम्ल धरून ठेवतं, ते कधीच बाहेर आलं नाही. तेव्हा बर्फही नव्हता घरात.

दुसरी: बीकरवर वाकून बघणं. बेन्झॉइक आम्ल वाफेबरोबर थोडं वर येतं. नाकात गेलं की घशाला असा खरखरीत ठसका लागतो की मिरच्यांच्या फोडणीची आठवण व्हावी. खिडकी उघडी ठेवा, बीकरवर काचेची बशी झाका आणि बाजूनं बघा.

द्रावणात काळे कण किंवा धागे दिसत असतील तर ते गरम असतानाच गाळावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मी म्हणेन, अगदीच घाण असेल तरच. नरसाळं आधी उकळत्या पाण्यानं तापवलं नाही तर द्रावण त्याच्या नळीतच गार होतं, स्फटिक नळीत अडकतात आणि वर सगळं तुंबतं. पुडीतला माल खाण्याच्या दर्जाचा असेल तर या पायरीची गरज पडत नाही.

आता गॅस किंवा इंडक्शन बंद. बीकर बाहेर काढा, बशी झाका, जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवा. तीन तास हात लावायचा नाही. हलवायचं नाही, फुंकर नाही, 'जरा बघू' नाही. गार होण्याचा वेग जितका कमी तितके स्फटिक मोठे आणि तितके स्वच्छ. घाईत वाढलेला स्फटिक मळ पोटात घेऊनच वाढतो. पहिल्यांदा मी गरम बीकर सरळ बर्फात ठेवलं आणि साबणाच्या चुऱ्यासारखं काहीतरी मिळालं. टॉवेलात ठेवलेल्या खेपेला टॉवेल उघडला तर आत पातळ, लांबट, चकचकीत पापुद्रे एकात एक गुंतलेले, बीकर जरा फिरवलं की अभ्रकासारखे उजेड परतवणारे. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. आईनं विचारलं, खायचं आहे का हे? नाही म्हटल्यावर ती परत गेली.

खोलीच्या तापमानाला आल्यावर मात्र बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. उरलेलं आम्ल तेव्हा बाहेर येतं.

समजा गार होऊनही काहीच स्फटिक आले नाहीत. तर बीकरच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेखाली, काचेच्या कांडीनं हलकेच घासा. किंवा कच्च्या आम्लाचा एक कण विरजणासारखा टाका. तरीही नाही आले तर पाणी फार झालंय, तापवून आटवा.

८. वाळवणं

पुन्हा गाळा, वीस मिली बर्फगार पाण्यानं धुवा, स्फटिक फिल्टर पेपरसकट वर्तमानपत्राच्या घडीवर पसरा, वरून दुसरा कागद झाका. पंख्याखाली नको. सुकलेले पापुद्रे इतके हलके असतात की उडतात, आणि त्यांची धूळ नाकात गेली की शिंकांची माळ लागते. मास्क इथे वापरायचा.

ओव्हनमध्ये वाळवू नका. बेन्झॉइक आम्ल १२२ अंशांना वितळतं, पण १०० अंशांच्या आसपासच न वितळता वाफ व्हायला लागतं. म्हणजे तुमचा माल ओव्हनच्या छताला जाऊन बसेल.

उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात तीन. रोज वजन करा, लागोपाठ दोन वजनं सारखी आली की सुकलं. माझ्या पहिल्या खेपेचं वजन ११ ग्रॅम भरलं होतं, साडेआठच्या कमाल आकड्यावर. मी वहीत 'उतारा १३० टक्के' असं ठळक लिहिलंय. तसंच ठेवलंय ते पान. आता नीट काम झालं तर सात ग्रॅमच्या आसपास येतात, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून थोडं जास्त. घरच्या सामानात यापेक्षा जास्तीची अपेक्षा मी करत नाही.

९. हे तेच आहे ना?

सोपी चाचणी: चिमूटभर स्फटिक खाण्याच्या सोड्याच्या कोमट द्रावणात टाका. बुडबुडे येतात आणि स्फटिक विरघळतात, कारण परत बेन्झोएट झालं. त्यातच सायट्रिक घाला, पुन्हा साका. मात्र सावकाश, सोडा फसफसून वर येतो.

खात्रीची चाचणी वितळणांकाची. कॉलेजात ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याकडे उपकरण असतं. शुद्ध आम्ल १२२ अंशांना एका-दोन अंशांच्या आत झटकन वितळतं. मळ असेल तर आधीच मऊ पडायला लागतं. याच शुद्धतेमुळे पदार्थांची उष्णता मोजणाऱ्या बॉम्ब कॅलरीमीटरची पट्टी बेन्झॉइक आम्ल जाळून लावतात: एक ग्रॅम जळताना २६.४ किलोज्यूल.

तिसरी चाचणी बघायला सुंदर. छोट्या स्टीलच्या वाटीत डाळीएवढा स्फटिक, वाटीवर थंड पाणी भरलेली दुसरी वाटी, खाली अगदी मंद आच. पाच मिनिटांनी वरच्या वाटीच्या बुडाला सुयांसारखे पांढरे केस लागलेले दिसतात. खिडकीशी करा, आणि डाळीएवढंच घ्या. सोळाव्या शतकात युरोपात हे आम्ल पहिल्यांदा याच रीतीनं मिळालं, लोबानाचा डिंक तापवून. युनानी औषधांत त्याला आजही सत-लोबान म्हणतात. बेन्झॉइक हे नावही 'लुबान जावी' या अरबी शब्दांवरून आलं, म्हणजे जावाचं लोबान. पुढे १८३२ मध्ये लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घडण नीट लावून दिली. हे वाचून देवघरातला ऊद तापवायचा उत्साह येईल, मला आला होता. पण सयामी लोबानात बेन्झॉइक आम्ल असलं तरी सुमात्राच्या लोबानात सिनॅमिक आम्लाचा भाग मोठा असतो, आणि पुडीतला ऊद कुठला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. धूर मात्र घरभर होतो.

१०. ठेवणं आणि आवरणं

काचेची बाटली, घट्ट झाकण, त्यावर नाव, वजन आणि तारीख. 'पांढरी पूड' असं लेबल लिहू नका; सहा महिन्यांनी घरात चार पांढऱ्या पुड्या असतात. हे आम्ल खाण्याच्या पदार्थात घालू नका आणि कातडीलाही लावू नका. नायट्यावरच्या मलमात ते असतं हे खरं, पण औषध ज्या शुद्धतेचं आणि मापाचं असतं ती तुमच्या टॉवेलातल्या बीकरात तपासलेली नाही.

गाळून उरलेलं पाणी म्हणजे सायट्रेट आणि जरासं आम्ल. बादलीभर पाण्यात मिसळून मोरीत सोडलं तरी चालतं. स्फटिकीकरणाचं उरलेलं पाणी मात्र मी झाकून ठेवतो आणि पुढच्या खेपेला तेच वापरतो. ते आधीच संपृक्त असतं, त्यामुळे दुसऱ्या खेपेचा उतारा पहिल्यापेक्षा जवळजवळ अर्धा ग्रॅम वर जातो. दोन खेपांनंतर टाकून द्या, पिवळट दिसायला लागलं तर त्याआधीच.